पिकअप गेला कुठे: जुन्या १.६ पेट्रोल गाडीच्या मिसिंगच्या नोंदी

८ जानेवारी, २,१४,३१० किमी

दादाने आज आठ महिन्यांनी गाडी चालवली आणि किल्ली परत देताना म्हणाला, "अरे हिला काय झालंय, ओढतच नाहीये." मी रोज चालवतो त्यामुळे मला हे जाणवलंच नव्हतं. रोज थोडं थोडं कमी होत गेलं की पाय आपोआप ॲक्सिलरेटर जास्त दाबायला लागतो, चढावर चौथ्याऐवजी तिसरा टाकायची सवय होते आणि आपण धरून चालतो की गाडी अशीच होती. मिसिंगचं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मधूनच पेट्रोल न पेटण्याचं, मात्र माहीत होतं, गेले तीन-चार महिने सिग्नलला उभं असताना मधूनच स्टिअरिंगला एक हलका झटका जाणवायचा. ते एकाला दाखवलं होतं तेव्हा उत्तर मिळालं होतं, "गाडीचं वय झालंय." हे उत्तर मला मान्य नाही. वय झालं म्हणजे काहीतरी झिजलंय, कुठेतरी गळतंय नाहीतर कुठेतरी तुंबलंय, आणि या तिन्ही गोष्टी मोजता येतात.

म्हणून आजपासून लिहून ठेवतोय. गाडी २००१ ची, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, पेट्रोल इंजेक्शन. डिस्ट्रिब्युटर नाही, प्लगना ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा एक कॉइल पॅक आणि त्यातून चार प्लग वायरी.

९ जानेवारी

सगळ्यात आधी एक आकडा हवा होता, नाहीतर प्रत्येक पार्ट बदलल्यावर "आता बरी वाटते" असंच वाटणार, तो खेळ आधी खेळून झालाय. सरळ रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० फुल ॲक्सिलरेटर, दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा, शेजारी बसलेल्याने स्टॉपवॉच धरलं. सरासरी १४.८ सेकंद. खूपच जास्त आहे हे.

ईसीयूमधले (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले) बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. पी०३०२ आणि पी०३०३, म्हणजे दुसरा आणि तिसरा सिलिंडर मिस करतोय. चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लुकलुकतोही. दिवा स्थिर पेटलेला असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं, लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (एक्झॉस्टमधला धूर कमी विषारी करणारा डबा) जाळेल इतकं मिसिंग चालू आहे असा इशारा असतो. हे मला माहीत होतं, तरीही मी असाच चालवत राहिलो. त्याचा परिणाम पुढे येतोच.

११ जानेवारी

मिसिंग नक्की कधी होतं ते दोन दिवस नीट बघितलं, कारण कोड फक्त कोणता सिलिंडर ते सांगतो, का ते सांगत नाही. तीन वेगळ्या तक्रारी निघाल्या:

एक, चढावर चौथ्या गिअरमध्ये फुल दाबलं की धक्के मारते. दोन, इंजिन पूर्ण गरम झालं की आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता उभी असताना, फक फक करते, सकाळी थंड असताना मात्र बऱ्यापैकी गोल चालते. तीन, साडेतीन हजार आरपीएमच्या वर धक्के नाहीत, काही नाही, पण जोरच नाही, नाकावर कोणी हात ठेवल्यासारखं.

मी इतके दिवस या तिन्हींना मिळून "मिसिंग" म्हणत होतो.

१२ जानेवारी

रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि स्प्रे बाटलीने प्लग वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला, हात लांब ठेवून. दुसऱ्या सिलिंडरच्या वायरीच्या बुटाजवळ (टोकाची रबरी टोपी) निळी ठिणगी टॅपेट कव्हरवर उड्या मारताना स्पष्ट दिसली. मग इंजिन बंद करून वायरी काढून मल्टिमीटर लावला, बाकी तीन लांबीप्रमाणे ५ ते ७ किलोओहम, दुसरी २८. प्लगची गॅप १.१ मिमी हवी तिथे १.३ ते १.४ झालेली.

इथे एक गोष्ट जुळली आणि मला फार बरं वाटलं. या कॉइल पॅकमध्ये एक-चार एका कॉइलवर आणि दोन-तीन दुसऱ्या कॉइलवर असतात, आणि एका कॉइलचा करंट दोन्ही प्लगांमधून एकापाठोपाठ जातो. म्हणजे दुसऱ्याची वायर खराब तर तिसऱ्याचा स्पार्कही मार खाणार. दोन कोड, एक कारण. लोडवर धक्के का, तेही बसतं, कारण फुल ॲक्सिलरेटरला सिलिंडरमध्ये प्रेशर जास्त असतं आणि तेवढ्या दाबात ठिणगी उडायला व्होल्टेज जास्त लागतं, मग ते प्लगच्या गॅपमधून जाण्याऐवजी फाटलेल्या बुटातून बाहेर पडतं.

१४ जानेवारी

चारही वायरी आणि चारही प्लग नवीन टाकले. काढलेल्या प्लगांपैकी एक, दोन, चार फिकट तपकिरी, तिसरा काळा आणि ओलसर. फोटो काढून ठेवलाय. कॉइलच्या दोन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स सारखा, स्पार्क टेस्टरवर दोन्हीकडे ठिणगी जाड आणि निळी, म्हणजे कॉइल ठीक आहे.

चढावरचे धक्के पूर्ण गेले. ४० ते ८०: १३.६ सेकंद. कोड पुसले.

१९ जानेवारी

पी०३०३ परत आला. पी०३०२ नाही. गरम झाल्यावर आयडलची फक फक आहे तशीच.

म्हणजे दोन कोड एक कारण हे माझं गणित चुकीचं होतं. दुसरा वायरीमुळे मिस करत होता, तिसरा स्वतःच्या कारणाने.

२० ते २६ जानेवारी

हा आठवडा व्हॅक्यूम लीकच्या मागे गेला, लिहून ठेवतो कारण दुसरं कोणीही याच वाटेने जाईल. स्कॅनरवर लॉन्ग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के जास्त-कमी देतोय तो आकडा, आयडलला +१४ टक्के आणि अडीच हजार आरपीएमला फक्त +३. पुस्तकात हे व्हॅक्यूम लीकचं लक्षण म्हणून दिलेलं असतं, आयडलला इंजिन हवा कमी घेतं म्हणून चोरून शिरलेली हवा तिथे जास्त जाणवते, वरच्या आरपीएमला तिचं प्रमाण नगण्य होतं. मी सगळे होस बघितले, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट बघितलं, शेवटी इनटेकमध्ये धूर सोडून बघितला. कुठूनही धूर आला नाही. पुन्हा सोडला, पुन्हा नाही.

२६ ला संध्याकाळी डोक्यात आलं. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिश्रण जळलंच नाही तर त्यातला सगळा ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो, सेन्सरला वाटतं हवा जास्त झाली, आणि ईसीयू चारही सिलिंडरना पेट्रोल वाढवून देतो. म्हणजे +१४ हे मिसिंगचं कारण नसून मिसिंगचाच परिणाम असू शकतो. आठवडा गेला, पण हे एकदा कळल्यावर ट्रिमच्या आकड्याकडे बघायची नजर बदलली.

२८ जानेवारी

फ्युएल प्रेशर. रेग्युलेटरचा व्हॅक्यूम होस काढून ३ बार, लावून आयडलला २.५, आणि गेज काचेसमोर दिसेल असा बांधून चढावर फुल ॲक्सिलरेटर दिला तरी काटा पडला नाही. पंप, फिल्टर ठीक. फिल्टर बदलायचा मोह होता, तरी नाही बदलला, एका वेळी एकच गोष्ट.

तिसऱ्याचा इंजेक्टर पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात लावून बघितला. मिसिंग तिसऱ्यातच राहिलं.

३० जानेवारी

आता तिसऱ्या तक्रारीचा, नाकावर ठेवलेल्या हाताचा विचार. स्कॅनरवर मास एअर फ्लो सेन्सरचा आकडा घेतला, दुसऱ्या गिअरमध्ये फुल ॲक्सिलरेटर, ५००० आरपीएमला ४९ ग्रॅम प्रति सेकंद. हिशोब सोपा आहे: १.६ लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना १.६ लिटर हवा ओढतं, म्हणजे एका फेरीला ०.८ लिटर. ५००० ला मिनिटाला ४००० लिटर, सेकंदाला ६६-६७ लिटर, आणि एक लिटर हवा ढोबळ १.२ ग्रॅम, म्हणजे सिलिंडर पूर्ण भरत असते तर साधारण ८० ग्रॅम. ४९ म्हणजे ६१ टक्के. ठीकठाक इंजिनाने ८० टक्क्यांच्या वर जायला हवं.

सेन्सरच घाण होऊन कमी सांगत असेल का? तसं असतं तर ईसीयूने पेट्रोल कमी दिलं असतं आणि लोडवर ट्रिम बराच प्लसमध्ये गेला असता. तो गेलेला नाही. म्हणजे आकडा खरा आहे, हवा खरंच कमी जातेय. एअर फिल्टर नवा आहे, थ्रॉटल पूर्ण उघडतंय, केबल ताणून हातानेही बघितलं. मग हवा आत जात नसेल तर एकच अर्थ उरतो, ती बाहेर पडत नाहीये.

१ फेब्रुवारी

इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावला. एवढं साधं हत्यार इतके दिवस बाहेर काढलं नाही याचं वाईट वाटलं. एकाच गेजने दोन गोष्टी सांगितल्या. आयडलला काटा १८ इंचांवर (पाऱ्याचे इंच), पण ठराविक लयीत दर थोड्या वेळाने तीन-चार इंच खाली झटका मारून परत वर. ही लय महत्त्वाची आहे, झटका ठराविक अंतराने येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याचा संशय घ्यायचा. आणि २५०० आरपीएमला ॲक्सिलरेटर स्थिर धरला तर काटा आधी २० वर गेला आणि मग हळूहळू, अर्ध्या मिनिटात १४ पर्यंत उतरला. हे एक्झॉस्ट तुंबल्याचं लक्षण.

२ फेब्रुवारी

पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या भोकात प्रेशर गेज बसवला. आयडलला सव्वा पीएसआय, २५०० ला साडेसहा. २५०० ला तीनच्या आत असायला हवं. कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने टकटक केलं तर आत खुळखुळतंय.

मागचा धूर सिलिंडरमधून पूर्ण बाहेर पडला नाही तर नवीन मिश्रणाला आत जागाच उरत नाही. तिसरी तक्रार सापडली.

लगेच नवीन कन्व्हर्टर आणून बसवावा असं फार वाटलं, थांबलो. हा मेला कशाने? तिसऱ्या सिलिंडरचं न जळलेलं पेट्रोल महिनोन् महिने त्याच्यात जाऊन जळत राहिलं. तो साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सियसला काम करतो, पण कच्चं पेट्रोल आत पेटलं की तापमान इतकं चढतं की आतली चिनीमातीची जाळी वितळू शकते. वर ईसीयू त्या खोट्या +१४ मुळे पेट्रोल वाढवूनच देत होता. मिसिंग तसंच ठेवून नवीन कन्व्हर्टर लावला तर तोही मरणार. ही चूक बरेच जण करतात, कन्व्हर्टर बदलतात, गाडी महिनाभर छान पळते आणि मग पुन्हा तेच. आधी तिसरा सिलिंडर, मगच कन्व्हर्टर. तोपर्यंत गाडी फक्त टेस्टपुरती बाहेर काढायची.

४ फेब्रुवारी

आयडलला एकेका इंजेक्टरचा वायरिंग कनेक्टर काढून आरपीएम किती पडतो ते बघितलं. प्लग वायर काढून हे करू नका, कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. एक, दोन, चार काढल्यावर ८० ते १०० ने पडला. तिसरा काढल्यावर जेमतेम २०. म्हणजे तो काम करतच नव्हता.

मग कंप्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, फ्युएल आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज केलेली, प्रत्येकाला सहा स्ट्रोक. पहिला १८२, दुसरा १७८, तिसरा ११८, चौथा १८० पीएसआय. सगळ्यात कमी हा सगळ्यात जास्तच्या निदान ७५ टक्के असावा, इथे ६५. टायमिंग बेल्ट दात सोडून सरकला असता तर चारही पडले असते, त्यामुळे तो संशय मिटला, तरी खुणा बघितल्या, जुळतात.

तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घेतलं, १२२. पिस्टनच्या रिंग झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा चांगलाच चढला असता. चढला नाही. व्हॉल्व्ह.

५ फेब्रुवारी

इंजिन रात्रभर थंड करून पुन्हा कंप्रेशन घेतलं, तिसरा १५०. गरम ११८, थंड १५०! मला वाटतं या सगळ्या कामातला सगळ्यात बोलका आकडा हाच. मेलेला व्हॉल्व्ह थंडीत बरा होत नाही. काहीतरी गरम होऊन वाढतंय आणि व्हॉल्व्हला पूर्ण बंद होऊ देत नाहीये.

लीक डाऊन टेस्टही केली, पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरली. क्रँक पाना लावून नीट धरावा लागतो, हवेच्या दाबाने इंजिन फिरू शकतं. तिसरा गरम असताना ४५ टक्के गळती, बाकी ८ ते १०. ऑइलच्या झाकणातून आवाज नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, सायलेन्सरच्या तोंडाला कान लावला तर स्पष्ट सूंऽऽ. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

७ फेब्रुवारी

टॅपेट कव्हर उघडलं. या इंजिनात गॅप आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत, व्हॉल्व्हवरच्या बकेटवर शिम (धातूची चकती) बसते आणि शिम व कॅम यांच्यातली गॅप शिम बदलूनच सेट होते. मॅन्युअलमध्ये थंड इंजिनाला इनटेक ०.२० आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी. कॅमचं नाक व्हॉल्व्हपासून उलट दिशेला आणून फीलर गेजने एकेक मोजला. इनटेक सगळे ०.१६ ते ०.२०. एक्झॉस्ट पहिल्याचे ०.२० आणि ०.१८, दुसऱ्याचे ०.१७ आणि ०.२०, चौथ्याचे ०.१९ आणि ०.१७. तिसऱ्याचा एक ०.१० आणि दुसऱ्यात माझ्याकडची सगळ्यात पातळ ०.०५ ची पट्टीसुद्धा शिरली नाही.

सापडलं.

आपल्याला वाटतं झीज झाली की फट वाढते. इथे उलट होतं. व्हॉल्व्ह हजारो वेळा आपटून हेडमधली सीट झिजते, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये सरकतो, त्याची दांडी कॅमकडे येते आणि गॅप कमी होते. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत हे अजून लवकर होतं. गरम झाल्यावर दांडी लांबते, गॅप संपते आणि कॅम व्हॉल्व्हला किंचित उघडाच धरून ठेवतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्वतःची बरीचशी उष्णता सीटला टेकलेला असतानाच सोडतो, टेकलाच नाही तर थंड होणार कधी, मग कडा जळायला लागते. आयडलला मिस आणि वर ठीक का, तेही यात आलं, आयडलला पिस्टन सावकाश वर येतो तेव्हा मिश्रणाला फटीतून निसटायला वेळ मिळतो, वेगात तेवढा वेळ नसतो.

आणि हे सगळं एकदम शांतपणे होतं. गॅप वाढली तर टक टक आवाज येतो, लोक लगेच टॅपेट सेटिंग करून घेतात. गॅप कमी झाली तर इंजिन उलट गोड वाजतं. माझ्या गाडीचं इंजिन किती शांत आहे याचं मी वर्षभर कौतुक करत होतो.

८ फेब्रुवारी

प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून त्या व्हॉल्व्हची कडा बघितली. एका बाजूला रंग वेगळा, पांढुरका, पण तुकडा उडालेला किंवा खाच पडलेली नाही. हेड न उतरवता आधी शिम बदलून बघायचं ठरवलं.

१५ फेब्रुवारी

शिम यायला आठवडा लागला. हिशोब: जुनी शिम अधिक मोजलेली गॅप वजा हवी असलेली गॅप. ०.१० वाल्याला जुनी २.८० होती, म्हणून २.६०. पण पट्टी न शिरणाऱ्याला हा हिशोब चालत नाही, कारण गॅप शून्य आहे की व्हॉल्व्ह आधीच दाबला गेलाय हे कळत नाही. तिथे आधी मुद्दाम पातळ २.४० ची बसवली, क्रँक दोन फेऱ्या हाताने फिरवला, गॅप मोजली, ०.३८ आली, मग २.४८ ने ०.३० मिळाली. जुनी २.७६ होती, म्हणजे तीच शिम ठेवून खरी गॅप फक्त ०.०२ होती. बाकी सहा एक्झॉस्टही सेट केले. इनटेकना हात लावला नाही.

दिवसभर पाठ वाकवून काम, पण इंजिन गरम झाल्यावर आयडलला व्हॅक्यूम गेजचा काटा १९ वर स्थिर बघितला तेव्हा बराच वेळ तसाच बघत उभा राहिलो.

१६ फेब्रुवारी

गरम कंप्रेशन तिसरा १६०. लीक डाऊन १८ टक्के. फ्युएल ट्रिम आयडलला +२, त्या +१४ चा आता मागमूस नाही. इनटेकची एकही होस बदललेली नाही. ४० ते ८०: १२.१ सेकंद.

२२ फेब्रुवारी

आठवडाभर थोडी थोडी चालवली, कोड नाही, दिवा नाही. आता कन्व्हर्टर उतरवला. एका तोंडातून टॉर्च मारली तर दुसरीकडून उजेड फक्त एका कोपऱ्यातून येतोय. मधली जाळी वितळून गोळा झालीये आणि सुटलेला तुकडा तोंडावर आडवा बसलाय. फोडून रिकामा करून परत लावतात बरेच जण, मला ते पटत नाही, धूर विषारीच जातो आणि ती धूळही छातीत जाण्यासारखी नाही. जुना रिसायकलिंगला दिला, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं.

नवीन कन्व्हर्टर, नवीन गॅस्केट. जुने बोल्ट अडीच तास निघाले नाहीत, गरम करूनच निघाले.

२३ फेब्रुवारी, २,१४,७४० किमी

एक्झॉस्टचा बॅक प्रेशर २५०० ला एक पीएसआय. ५००० ला हवा ६८ ग्रॅम, म्हणजे ८५ टक्के. ४० ते ८०: ८.७ सेकंद.

१४.८ वरून ८.७. यातला वायरींचा वाटा १.२, टॅपेटचा १.५, कन्व्हर्टरचा ३.४. पण हे आकडे नुसते असे वाचू नका, सगळ्यात मोठा वाटा कन्व्हर्टरचा दिसतो आणि त्याला मारलं त्या ०.०२ च्या गॅपने.

३० मार्च, २,१६,२९० किमी

टॅपेट कव्हर पुन्हा उघडलं. तिसऱ्याचा तो व्हॉल्व्ह ०.२८, बाकी सगळे एक्झॉस्ट ०.२९ ते ०.३०. गरम कंप्रेशन १६८, गळती १४ टक्के, म्हणजे कडा सीटवर बसत चाललीये. पण दीड हजार किलोमीटरमध्ये ०.०२ ने गॅप कमी झाली हेही खरंय, सीट अजून झिजतेच आहे. पुढची मोजणी २,२०,००० ला, तेव्हा ०.२४ च्या खाली असेल तर हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्ह दोन्ही करून घेणार.